रक्तशुद्धीचा काढा घेण्यापूर्वी

पाडवा झाला, ऊन तापू लागले, की माझ्या दवाखान्यात एक मागणी हमखास सुरू होते. "डॉक्टर, अंगावर फोड उठलेत. उष्णता झालीय. रक्त शुद्ध करणारी एखादी बाटली लिहून द्या." काही जण त्याहून पुढे जातात. "सगळं रक्त तपासा, आणि शुद्ध आहे का तेवढं सांगा," असे म्हणून हात पुढे करतात.

तीस वर्षे ही मागणी ऐकतो आहे. सुरुवातीला मी हसून वेळ मारून नेत असे. आता हसत नाही. कारण 'रक्त बिघडले' या दोन शब्दांच्या मागे कधी काही नसते आणि कधी फार मोठा आजार दडलेला असतो. शिवाय या रक्तशुद्धीच्या बाबतीत माझ्या हातूनही एक चूक झालेली आहे. ती पुढे सांगणारच आहे. आधी रक्ताची सफाई शरीरात नेमकी होते कशी, ते पाहू.

शरीराची स्वतःची व्यवस्था

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. आपण स्वस्थ बसलेले असतानाही हृदय जवळजवळ तेवढे रक्त दर मिनिटाला फिरवते. या फेरीत पेशींना प्राणवायू आणि अन्न पोहोचते आणि परतीच्या वाटेवर पेशींतला कचरा उचलला जातो. म्हणजे रक्तात कचरा असणे हा बिघाड नव्हे, ते रक्ताचे रोजचे काम आहे. हा कचरा वेळेवर बाहेर पडतो की नाही, हा खरा प्रश्न.

त्यासाठी निसर्गाने चोख व्यवस्था केली आहे. कर्बवायू फुप्फुसे बाहेर टाकतात. दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातले उपयोगाचे जवळजवळ सगळे परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी तयार करतात. प्रत्येक मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात.

सर्वांत मोठा कारखाना म्हणजे यकृत. वजन साधारण दीड किलो, जागा उजव्या बरगड्यांखाली. आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, ते आधी यकृतात येते. जकात नाक्यावर गाडी थांबवून माल तपासावा, तसा तेथे सगळा माल तपासला जातो. प्रथिनांच्या पचनातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे यकृत युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो युरिया बाहेर काढतात. दारू, औषधाच्या गोळ्या, जुन्या तांबड्या पेशी मोडून निघालेले पिवळे द्रव्य, या सर्वांची विल्हेवाट येथेच लागते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे मोडतोडीचे हे काम रात्रंदिवस चालू असते.

ही यंत्रणा नीट असेल तर बाहेरून रक्त 'धुण्याची' गरज नाही. ती निकामी झाली, तर कोणत्याही बाटलीने भागत नाही. तेव्हा डायलिसिसवर जावे लागते किंवा अवयव बदलावा लागतो. या दोन्हींच्या मधे आपल्या हाती एकच गोष्ट उरते : या अवयवांना त्रास न देणे आणि त्यांना हवे ते पुरवणे.

'रक्त बिघडले' म्हणजे काय बिघडले?

'शुद्ध' किंवा 'अशुद्ध' असा शेरा देणारी तपासणी कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. म्हणून रुग्ण जेव्हा रक्त बिघडल्याचे सांगतो, तेव्हा त्याला दिसते काय आणि होते काय, हे मी विचारतो. उत्तरे साधारण अशी येतात.

अंगावर वारंवार गळवे होत असतील, तर आधी रक्तातली साखर तपासावी. मानेवर गळवे होतात म्हणून एक शेतकरी बांधव सहा महिने रक्तशुद्धीच्या बाटल्या घेत होते. त्या औषधात साखरेचा पाक होता. माझ्याकडे आले ते पायाला चिघळलेली जखम घेऊन. उपाशीपोटी साखर निघाली ३२०. सहा महिन्यांपूर्वी बोटातून एक थेंब रक्त काढले असते, तर पायाचे बोट गमवावे लागले नसते.

रात्री खाज वाढते आणि घरातल्या सगळ्यांनाच सुटते, ती बहुधा खरूज असते. जांघेत, कमरेला गोल चट्टे उठतात, ते गजकर्ण. दोन्ही आजार कातडीचे आहेत, रक्ताचा त्यात दोष नाही. दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम लावल्याने गजकर्ण वरवर दबते आणि आतून पसरते, तेवढे टाळावे. तरुण मुलामुलींच्या चेहऱ्यावरील पुटकुळ्या वयानुसार बदलणाऱ्या संप्रेरकांमुळे येतात.

चेहरा फिकट पडतो, जिना चढताना धाप लागते, तेव्हा रक्त कमी असते. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली गेले की त्याला पंडुरोग म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आढळला. घरोघर असलेला रक्ताचा दोष म्हणायचा, तर तो हा. पण कोणी बाई आपणहून हिमोग्लोबिन तपासायला सहसा येत नाही.

खाज आहे, पुरळ मात्र काहीच नाही आणि सोबत डोळे पिवळे, पायांवर सूज किंवा लघवी कमी, असे असेल तर एक दिवसही घरी काढू नये. ती यकृताची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असू शकते.

स्वयंपाकघर काय देऊ शकते?

मग आहाराचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि चांगला आहे. पण कोणता पदार्थ काय करतो आणि किती करतो, हे ठाऊक असावे.

पालेभाजी आणि आवळा. पालेभाज्या, बाजरी, अळीव, हरभऱ्याचा पाला यांत लोह असते, पण वनस्पतींतले लोह शरीर सहजी घेत नाही. त्याच जेवणात लिंबू, आवळा, पेरू असला, तर त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषले जाते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला, की शोषण घटते. म्हणून चहा जेवणाआधी किंवा जेवणानंतर एक-दीड तासाने घ्यावा. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर मात्र आहाराने भागणार नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. जंत, मूळव्याध किंवा पाळीत जादा रक्तस्राव यांपैकी कारण कोणते, तेही शोधावे लागते.

बीट. रंग रक्तासारखा म्हणून बीटाने रक्त वाढते, असा समज आहे. त्यात लोह फारसे नसते. बीटाचा गुण वेगळा आहे. बीटात आणि पालकासारख्या भाज्यांत नायट्रेट असते. जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब काही तासांपुरता थोडा उतरतो. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली, तर घाबरू नये. तो बीटाचाच रंग असतो. न खाताही लाल झाली, तर मात्र लगेच दाखवावे.

लसूण. रक्तदाब वाढलेल्यांमध्ये लसणाने तो थोडा कमी होतो, असे चाचण्यांत दिसले आहे. पण त्या चाचण्यांत बहुतेक ठिकाणी लसणाची पूड किंवा अर्क रोज मोजून दिला होता. फोडणीतल्या दोन पाकळ्यांवर भरवसा ठेवून रक्तदाबाची गोळी बंद करणे म्हणजे छत्री उघडून पूर अडवण्यासारखे आहे.

जवस, मेथी, डाळी, ज्वारी-बाजरीची भाकरी. यांतला चोथा शरीराची खरी सफाई करतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवून आतड्यात सोडते. चोथ्याला चिकटून त्यातले काही शौचावाटे निघून जाते आणि नवे पित्त बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल उचलते. जवसाची चटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती ताटात परत आणावी. मात्र तिच्यात मीठ बेताने घालावे.

हळद आणि आले. रोजच्या भाजी-आमटीतली हळद बिनधोक आहे. तिच्यातले मुख्य द्रव्य आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. म्हणूनच अलीकडे ते शोषले जावे म्हणून मिरीचा अर्क मिसळून तीव्र कॅप्सूल विकतात. अशा कॅप्सूलांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी परदेशांत झाल्या आहेत. पदार्थ तोच असला, तरी मात्रा बदलली की गुण बदलतो.

पाणी. लघवी फिकट पिवळी राहील इतके प्यावे. उन्हात काम करणाऱ्याने जास्त प्यावे. तहान नसताना पाच-सहा लिटर पिऊन मूत्रपिंडे 'धुवून' निघत नाहीत. हृदय किंवा मूत्रपिंडे दुबळी असतील तर जादा पाण्याने उलट धाप लागते.

रक्त खेळते राहण्यासाठी

"पायात रक्त फिरत नाही," ही दुसरी नेहमीची तक्रार. मुंग्या येतात, तळपायाची आग होते. पुष्कळदा यात रक्तप्रवाहाचा दोष नसतोच. मधुमेहाने दुबळ्या झालेल्या नसा किंवा 'बी-१२' जीवनसत्त्वाची कमतरता हे कारण असते. पण ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येते, उभे राहिले की थांबते आणि पुन्हा चालले की तेवढ्याच अंतरावर येते, असे होत असेल, तर पायाची धमनी अरुंद झाली आहे असे समजावे. हीच अवस्था हृदयाच्या रक्तवाहिन्यांचीही असू शकते.

यावर सर्वांत मोठा उपाय कोणत्याही वनस्पतीत नाही. तो तंबाखू सोडण्यात आहे. विडी-सिगारेट तर सोडावीच, पण गालात धरलेली तंबाखू आणि आमच्या आया-बहिणी सकाळी दातांना लावतात ती मिश्रीही त्यातच आली. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. एका हाताने मिश्री लावायची आणि दुसऱ्या हाताने लसणाची पाकळी सोलायची, याला अर्थ नाही.

त्यानंतर मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, एवढे एका माणसाला पुरे. पापड, लोणचे, खारे शेंगदाणे आणि फरसाण यांतले मीठ त्यातच धरायचे आहे. आणि तिसरे चालणे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातले रक्त वर ढकलतात, म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालावे. 'शेतात दिवसभर चालतोच की,' असे म्हणणाऱ्यांनी खरोखर किती चालतो आणि मोटारसायकलवर किती बसतो, याचा हिशेब करावा.

एक चूक, माझी

२०२१ सालची गोष्ट. करोनाची दुसरी लाट ओसरत होती. माझ्या जुन्या रुग्ण असलेल्या पन्नाशीच्या एक बाई आल्या. डोळे हळदीसारखे पिवळे. भूक नाही, आठवडाभर मळमळ. यकृताच्या तपासण्यांचे आकडे नेहमीच्या वीसपट. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या केल्या, त्या सगळ्या निर्दोष. दारूचा प्रश्नच नव्हता. थायरॉइडची एक गोळी त्या कित्येक वर्षे घेत होत्या. मी विचारले, "दुसरं काही औषध घेता का?" त्या म्हणाल्या, "काही नाही."

दोन दिवसांनी त्यांच्या सूनबाई रिपोर्ट घेऊन आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "सासूबाईंनी आता सकाळचा गुळवेलीचा काढाही सोडलाय, नकोसा वाटतो म्हणून."

मी दचकलो. किती दिवस घेत होत्या? तीन महिने, रोज पेलाभर. अंगणातल्या कडुनिंबावरची वेल. दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारले, "मावशी, मी औषधाचं विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?" त्या सरळपणे म्हणाल्या, "ते काय औषध आहे होय? घरचीच वेल ती. आणि डॉक्टर, फोनवर मी तुम्हाला विचारलं होतं की. 'घ्या, नुकसान काही नाही,' असं तुम्हीच म्हणालात."

मला ते आठवतही नव्हते. त्या दिवसांत दिवसाला शंभर फोन येत. पण मी तसे म्हणालो असणार, यात शंका नाही. सर्वांनाच तसे सांगत होतो.

काढा बंद केला, मोठ्या शहरातल्या यकृततज्ज्ञांकडे पाठवले. नशिबाने यकृत सावरले. आकडे खाली यायला अडीच महिने लागले. त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, रुग्णांनी तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यांतल्या बऱ्याच जणांना थायरॉइडसारखे किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार होते. माझ्या बाईंनाही थायरॉइड होताच.

गुळवेल घेणाऱ्या लाखो लोकांना काही झाले नाही, हेही खरे. पण कोणाला होईल, हे वेल पाहून सांगता येत नाही. शेजारच्या गल्लीतले वैद्यबुवा माझे जुने स्नेही आहेत. त्यांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडेही माणूस पाहून, मात्रा ठरवून, मुदत घालून देतात. पेला भरून तीन महिने कोणी सांगितलं?" आमच्या दोघांची शास्त्रे वेगळी असतील, पण यावर आमचे एकमत झाले.

कोणी विशेष जपावे?

हृदयाची झडप बदललेले रुग्ण रक्त गोठू नये म्हणून वॉर्फरिन किंवा निकुमॅलॉनची गोळी घेतात. पालेभाज्यांतल्या 'के' जीवनसत्त्वाने या गोळीचा परिणाम कमी होतो. म्हणून पालेभाजी सोडायची नाही, पण रोज साधारण सारखी ठेवायची. आठ दिवस रोज पालकाचा रस आणि मग महिनाभर बंद, असे करू नये. लसूण, आले, हळद यांच्या कॅप्सूल या गोळीबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. 'रक्त पातळ' म्हणजे 'रक्त शुद्ध' नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो. शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल, तर असे जे काही घेत असाल ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

मधुमेहाच्या रुग्णांनी गोळ्यांच्या जोडीला कारल्याचा रस, मेथीची पूड मोठ्या प्रमाणात सुरू केली, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना बीटाचा रस, शहाळ्याचे पाणी, पालेभाज्यांचे रस यांतले पोटॅशियम झेपत नाही. ते वाढले तर हृदय थांबू शकते. गरोदर बायांनी कोणताही काढा आपल्या मनाने घेऊ नये. पाडव्याला गूळ-चिंचेबरोबर कडुनिंबाची दोन पाने खाण्यात काही वावगे नाही, पण लहान मुलांना कडुनिंबाचे तेल कधीही पाजू नये. त्याने झटके येऊन मुले दगावल्याच्या नोंदी आहेत.

बाजारातल्या पुड्या आणि भस्मांबाबतही सावध असावे. अमेरिकेतील बोस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. रक्त शुद्ध करायला घेतलेल्या पुडीतून शिसे रक्तात जावे, याहून मोठा विरोधाभास कोणता? नाव, घटक आणि बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक छापलेला नाही, अशी पुडी घेऊच नये.

आणि यकृत-मूत्रपिंडांची एवढीच काळजी असेल, तर दोन गोष्टी आज बंद कराव्यात : दारू, आणि अंगदुखीसाठी दुकानातून आणून रोज खाल्ल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. माझ्या पाहण्यात मूत्रपिंडे बिघडलेल्या कितीतरी जणांच्या खिशात अशा गोळ्यांचे पाकीट निघाले आहे.

एवढे लक्षात ठेवा

फोड, खाज किंवा थकवा असेल तर रक्तशुद्धीची बाटली घेण्याआधी साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

रोजच्या ताटात भाकरी, डाळ, पालेभाजी, लिंबू किंवा आवळा असू द्या. मीठ कमी, तंबाखू-मिश्री बंद, चालणे सुरू.

चालू असलेली गोळी कोणत्याही रसाच्या भरवशावर आपल्या मनाने सोडू नका.

काढा, चूर्ण किंवा रस घेत असाल आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर तो त्याच दिवशी थांबवा आणि दवाखाना गाठा.

शेवटची विनंती वाचकांना आणि माझ्या डॉक्टर मित्रांनाही. 'औषध काय घेता?' या प्रश्नाचे उत्तर अर्धवट येते. म्हणून आता मी दोन प्रश्न विचारतो. पहिला, "गोळ्या कोणत्या?" आणि दुसरा, "घरचं काय काय घेता?" त्या बाई अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी थायरॉइडच्या गोळीसाठी येतात. मी दुसरा प्रश्न विचारण्याआधीच हसून सांगतात, "सकाळी कोरा चहा, डॉक्टर. वेल तोडली नाही, पण काढा सोडलाय."